काळा पाषाण आणि वालधुनीचे पाणी

आपल्या घरांत प्रवासाचे दोनच प्रकार रूढ आहेत. एक तीर्थयात्रेचा आणि दुसरा खरेदीचा. दिवाळीनंतर संघाची बस निघते. पालिताणा, सम्मेदशिखर, मांगी-तुंगी, कुंथलगिरी, कुंभोज असे जे नाव त्या वर्षी ठरले असेल तिकडे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे जातात. खरेदीचा प्रवास मात्र घरातील कर्त्या पुरुषाने एकट्याने करावयाचा. सकाळी गाडी पकडायची, बाजार गाठायचा, भाव ठरवायचा, माल बांधून पाठवायचा आणि रात्री परतायचे. या दोहोंत न बसणारा एक तिसरा प्रवास आहे. पाठीवर एक पिशवी, पायांत साधे बूट, खिशात सुटे पैसे. जी बस मिळेल तिने एखाद्या पडक्या मंदिरापासून एखाद्या झऱ्यापर्यंत जायचे, वाटेत मन होईल तेथे उतरायचे, पाहायचे आणि पुन्हा मागची बस धरायची. परदेशांतील तरुण अशी भटकंती महिनोन्महिने करतात. आपल्या तरुणांनाही अलीकडे तिची ओढ लागली आहे. पण ते त्यासाठी हिमाचल गाठतात, नाहीतर थेट व्हिएतनाम. वडिलांच्या दुकानापासून दहा-पंधरा किलोमीटरवर काय आहे हे त्यांना ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर वडिलांनाही नसते.

कल्याण ते बदलापूर हे अंतर लोहमार्गाने जेमतेम १५ किलोमीटर आहे. मध्ये विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्थानके. या पट्ट्यात आपली शेकडो कुटुंबे राहतात, व्यापार करतात, आपली मंदिरे आहेत, साधु-साध्वींचे विहार होतात. एवढ्या लहानशा पट्ट्यात महायुद्धाच्या काळातील छावणी, साडेनऊशे वर्षांपूर्वीचे शिलाहारांचे मंदिर, दोन नद्या, धरणे आणि सह्याद्रीच्या फाट्यावरून उतरणारे धबधबे एकापाठोपाठ एक येतात. लोकल गाडीने गेल्यास यांतील काहीही दिसत नाही; घरांच्या मागील भिंती आणि रुळांलगतचे नाले तेवढे दिसतात. म्हणून हा प्रवास रस्त्याने, बसने करावा.

दररोज सकाळी चौदा नियम धारण करणाऱ्या श्रावकास ‘वाहन’ आणि ‘दिशा’ हे दोन नियम नवे नाहीत. आज किती वाहने वापरीन आणि कोणत्या दिशेस किती दूर जाईन, याची मर्यादा त्याने उठल्याबरोबर ठरविलेली असते. दिग्व्रताचा आणि देशावकाशिकाचा आशयही हाच. विमानाने चार देश पालथे घालणाऱ्या सहलीत ही मर्यादा सांभाळणे अवघड. बसच्या या सहलीत ती आपोआप सांभाळली जाते. एक दिशा, एक बस, फार तर एक रिक्षा. पिशवीत उकळलेले पाणी, खाखरे, थेपले, भाजलेले चणे आणि सुकामेवा एवढे असले की दिवसभर कोणाच्या हॉटेलकडे पाहावे लागत नाही. एस. टी.चे एक बरे आहे: मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट पडते, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. आजींना घरी ठेवून जाण्यास आता कोणतीही सबब उरलेली नाही. महापालिकांच्या बसगाड्यांचे नियम वेगळे, तेथे वाहकाला विचारावे.

काळ कोणता निवडावा, याविषयी मात्र आमचे मत ठाम आहे. मुंबईकर या बाजूस येतो तो पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात. आपण तेव्हा येऊ नये. चातुर्मासात आपले साधु एका जागी स्थिर राहतात ते उगाच नव्हे. वाटेवर पाऊल टाकू तेथे हिरवे कोंब, शेवाळ, गोगलगायी, असंख्य सूक्ष्म जीव असतात. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, विहार पुन्हा सुरू होतात आणि नेमकी त्याच सुमारास ही वाटही चालण्याजोगी होते. ओढ्यांना पाणी असते पण लोंढा नसतो, डोंगर अजून हिरवे असतात, हवा स्वच्छ असते. तेव्हापासून माघापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. महाशिवरात्रीला अंबरनाथास मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत शिल्प पाहणे होत नाही.

कल्याणहून निघताना एक गोष्ट लक्षात असावी. हे बंदर इतके जुने आहे की इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ‘कल्लिएना’ म्हणून त्याचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, कारागिरांची दाने कोरलेली आहेत. कोणी गुंफा दिली, कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके खोदविले, एका लोहाराने वाट बांधून दिली. हे दाते बौद्ध संघाचे उपासक होते; पण पैसा मिळविणाऱ्याने पाण्याची आणि वाटेची सोय करावी, ही समज त्यांची आणि आपली एकच आहे.

बस उल्हासनगरात शिरते तेव्हा प्राचीन असे काही दिसत नाही, आणि दिसणारही नाही. हे शहर आपल्या आजोबांपेक्षाही तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या मोकळ्या माळावर ब्रिटिश सरकारने सैनिकांसाठी छावणी बांधली. लांबच लांब बराकी, मध्ये रुंद रस्ते. युद्ध संपले, सैनिक गेले, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना याच बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे विभाग आजही ‘कॅम्प’ या शब्दानेच ओळखले जातात, एक ते पाच. एकेका बराकीत पडदे लावून पाच-सहा कुटुंबे राहिली, आणि त्याच पडद्यांआडून पापड लाटणे, मिठाई करणे, कपडे शिवणे असे उद्योग सुरू झाले. ज्यांनी हवेल्या सोडून आल्यावर गाडीच्या डब्यात गोळ्या-बिस्किटे विकली, त्यांच्या मुलांनी गजानन मार्केट आणि जपानी बाजार गजबजविले. ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या बाजारपेठांत दोन पिढ्या हशा पिकवीत आला आहे. पण त्या विनोदामागची मेहनत व्यापाऱ्यालाच कळते. आपले कापड दुकानदार येथे वर्षानुवर्षे येतात. त्यांनी एकदा तरी माल बांधून होईपर्यंतच्या अर्ध्या तासात एखाद्या उरलेल्या बराकीकडे पाहावे. बहुतेक बराकी पाडून इमारती उठल्या आहेत, थोड्या इमारतींच्या मध्ये दबून उभ्या आहेत. हेही अवशेषच आहेत. फक्त त्यांना अजून पुरातत्त्व खात्याचा फलक लागलेला नाही.

उल्हासनगरहून अंबरनाथकडे जाताना पुलाखाली एक काळसर प्रवाह दिसतो. उग्र वास बसच्या खिडकीतून आत येतो आणि शेजारचा प्रवासी सवयीने रुमाल नाकाला लावतो. अनेकांना हा नाला वाटतो. ती वालधुनी नदी आहे. अंबरनाथजवळ काकोळे गावाच्या बाजूला डोंगरांतून ती निघते, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी असे करीत कल्याणला उल्हास नदीस मिळते. उगमाजवळ तिच्यावर जुन्या जी. आय. पी. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधलेले धरण आहे, आणि रेल्वेतील प्रवाशांना विकले जाणारे ‘रेल नीर’ हे बाटलीबंद पाणी अंबरनाथच्या प्रकल्पात त्याच धरणाच्या पाण्यापासून तयार होते. म्हणजे एकाच नदीचे पाणी वरच्या अंगाला बाटलीत भरून विकत घेण्याजोगे आणि काही किलोमीटर खाली नाक धरून ओलांडण्याजोगे. मधल्या पट्ट्यात काय घडते, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे मंदिराकडे जावे. कारण मंदिर या नदीच्याच काठी आहे.

अंबरनाथ पूर्वेला उतरून दीड-दोन किलोमीटर चालले की शिवमंदिर येते. दुरून ते लहान वाटते. शिखर वरून खंडित झाले असल्याने उंचीचा डौल राहिलेला नाही. जवळ गेल्यावर मात्र भिंतीचा एक वीतभर भागही कोरल्यावाचून सोडलेला नाही हे दिसू लागते. खाली हत्तींची रांग, तिच्यावर माणसांची, त्याच्यावर देवदेवता, नर्तकी, तपस्वी. भिंत सरळ नाहीच, ती कोन करीत करीत आत-बाहेर होते आणि प्रत्येक कोनावर एक मूर्ती उभी आहे. दगड काळा, आपल्या सह्याद्रीचा. संगमरवरात देलवाड्याचे कारागीर जे करीत होते ते येथे या कठीण, ठिसूळपणे तुटणाऱ्या पाषाणात केलेले आहे, आणि कालही जवळपास तोच: आबूवरील विमलशहांचे मंदिर १०३१ सालचे, हे १०६० सालचे. देलवाड्याला जाऊन आलेल्या आपल्या वाचकांनी ही तुलना मनात ठेवून येथे तासभर उभे राहावे. संगमरवर कोरणाऱ्याला चूक खरवडता येते. येथे कोपरा एकदा उडाला की उडाला.

साल १०६० हे कशावरून? उत्तरेकडील दाराच्या वरच्या तुळईवर, आतील बाजूस संस्कृत लेख आहे. त्यात शिलाहार राजा मुम्मुणी, ज्याचे नाव माम्वाणि असेही येते, आणि शके ९८२ हा काल दिलेला आहे. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकापाठोपाठ उत्तर कोकणच्या गादीवर आले. मंदिराचे काम थोरल्याच्या काळी सुरू होऊन धाकट्याच्या काळी पूर्ण झाले असे मानतात. या लेखाची एक हकिकत व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या थोर विद्वानाने एकोणिसाव्या शतकात प्रथम हा आकडा ७८२ असा वाचला. पुढे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखविले. झिजलेल्या दगडावरील एका अंकामुळे मंदिर दोनशे वर्षांनी म्हातारे झाले होते. खतावणीतला एक आकडा चुकला की मुनीम रात्रभर बसतो. येथे हिशेब जुळायला विद्वानांची एक पिढी गेली. त्याआधी, १८६८ साली, मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी या मंदिराची रेखाटने केली आणि शिल्पांचे साचे घेतले. आज जेथे एखाद्या मूर्तीचा चेहरा ओळखू येत नाही, तेथे दीडशे वर्षांत पाऊस, हवा आणि माणूस यांनी किती नेले याचा अंदाज त्या जुन्या रेखाटनांवरून येतो.

मंदिराची शैली ‘भूमिज’ म्हणून ओळखली जाते. शिखराच्या चार बाजूंना चार सरळ पट्टे खालून वर चढतात आणि त्यांच्या मधल्या भागांत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकीवर एक बसविलेल्या असतात. सिन्नरचे गोंदेश्वर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही ठेवण लगेच ओळखू येईल. नाशिककडील यात्रेत गजपंथाला जाणाऱ्यांनी सिन्नर वाटेत घ्यावेच.

आत गेल्यावर अपेक्षा असते ती पायऱ्या चढून गाभाऱ्यात जाण्याची. येथे उतरावे लागते. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या खाली गेल्यावर गाभारा येतो, आणि वर पाहावे तर छप्पर नाही; तुटलेल्या शिखरातून थेट आकाश दिसते. दुपारी त्या विवरातून एक उजेडाचा पट्टा खाली उतरतो आणि काळ्या भिंतीवरून हळूहळू सरकत जातो. आमच्याबरोबर आलेल्या एका आजींना गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरता आल्या नाहीत. त्या वरच्या पायरीवर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, “शिखर पडलं म्हणून तर उजेड आत आला.” आपल्याला येथे पूजा करावयाची नसली तरी चालत्या पूजेच्या मध्ये न येणे, जोडे बाहेर ठेवणे, मूर्तींना हात न लावणे हे सांगावे लागू नये. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि नांदतेही आहे. सोमवारी गर्दी असते.

आता शिलाहारांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थोडा अडचणीचा आहे. मुम्मुणीनंतर शंभर वर्षांनी, ११६०च्या सुमारास, याच वंशातील मल्लिकार्जुन कोकणावर राज्य करीत होता. त्याने ‘राजपितामह’ अशी पदवी घेतली, ती गुजरातच्या कुमारपाल राजाला खपली नाही. त्याने कोकणावर फौज पाठविली. सेनापती होता आम्रभट, ऊर्फ आंबड. उदयन मंत्र्याचा मुलगा, म्हणजे आपल्याच श्रावक वणिक कुळातील. मेरुतुंगाचार्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त ही कथा आहे. पहिल्या स्वारीत आंबड हरला, लाजेने काळे कपडे घालून राहिला, दुसऱ्या स्वारीत त्याने मल्लिकार्जुनाला रणात मारले आणि ती पदवी स्वतः मिळविली. भरूचच्या मुनिसुव्रतस्वामींच्या शकुनिका विहाराचा जीर्णोद्धार करणारा तो हाच आंबड. कोकणातील मोहिमेचा आणि अहिंसेचा मेळ कसा घालावा, हे पंडितांनी ठरवावे. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. ज्या कुमारपालाची फौज या मुलखात उतरली, त्याच कुमारपालासाठी कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्र’ लिहिले, आणि त्यात श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, पंधरा कर्मादाने, सविस्तर सांगितली आहेत. अंगारकर्म, वनकर्म, विषवाणिज्य, यंत्रपीडन ही नावे प्रतिक्रमणात आपण भराभर म्हणून जातो. त्यांतच एक आहे ‘सरोह्रदतडागशोषण’: सरोवर, डोह, तळे आटविणे.

मंदिराच्या मागच्या बाजूला नदीकडे तोंड करून उभे राहिले की हा शब्द पुस्तकात राहत नाही.

वालधुनी आटलेली नाही, तिच्यात प्रवाह आहे. पण तिच्यात मासा नाही, बेडूक नाही. जलचरांच्या दृष्टीने ती आटल्यातच जमा आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहती, उल्हासनगरचे जीन्स रंगविणारे आणि धुणारे कारखाने, शहरांचे अप्रक्रियित सांडपाणी, सारे तिच्या वाट्याला आले. जीन्स कारखान्यांच्या काळात नाल्यांना निळा रंग चढलेला लोकांनी पाहिला आहे. न्यायालयाच्या आदेशांनंतर ते बंद करण्यात आले आणि त्यांतील काही आसपास सरकले. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस रात्रीच्या वेळी एका टँकरमधून नदीत रसायन सोडले गेले, त्यातून विषारी वायू उठला आणि उल्हासनगरात काठावर झोपलेल्या शेकडो लोकांना रुग्णालयांत न्यावे लागले. पुढच्या वर्षी, २०१५ च्या जुलैत, उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड सुनावला.

या पट्ट्यात रंग, रसायने, प्लास्टिक, कापड यांचा व्यापार करणाऱ्यांत आपणही आहोत. ‘मी कारखानदार नाही, मी फक्त विकतो’, ‘मी प्रक्रिया केंद्राची वर्गणी नियमित भरतो’, ‘टँकरवाला माल कोठे नेतो हे मला काय ठाऊक’, ही उत्तरे ऐकू येतात. त्यांतील पहिली दोन खरीही असू शकतात. पण आपल्याकडे पापाची गणना केवळ ‘करणे’ येथे थांबत नाही; ‘करविणे’ आणि ‘अनुमोदन देणे’ हेही तिच्यात येतात. बाजारभावाच्या निम्म्या दरात सांडपाणी उचलणाऱ्या टँकरला ते कोठे रिते केले याची पावती न मागणे, हे करविण्यात मोडते की नाही, याचा निवाडा प्रत्येकाने आपल्या गादीवर बसून करावा. आपण तो समाज आहोत ज्याच्या घरी पाणी दुपदरी कापडाने गाळतात, आणि गाळल्यावर कापडावर उरलेली जिवाणी त्याच विहिरीत हळुवार परत सोडावी अशी शिस्त आजी लावीत असे. एका थेंबातील अप्काय जीवांची गणना नाही, असे आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो. पाठशाळेची सहल एकदा वालधुनीच्या काठी न्यावी. मुले जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरे घरी तयार ठेवावीत.

अंबरनाथहून बदलापूरची बस धरली की घरे थोडी विरळ होतात आणि डोंगर जवळ येतात. मलंगगड, तावली आणि चंदेरीचा सुळका एका ओळीत दिसतात. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या मुक्कामावरून पडले असे सांगतात. कल्याणकडून देशावर जाणारे स्वार येथे थकलेले घोडे देऊन ताजे घेत. आज घोड्यांऐवजी लोक गाड्या बदलतात. गावाच्या पश्चिम अंगाने उल्हास नदी वाहते. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांत, राजमाचीच्या परिसरात ती उगम पावते आणि कर्जत, नेरळवरून येथे येते. हिचे पाणी अजून नदीसारखे दिसते. पुलावर उभे राहिले तर खाली खंड्या बसलेला दिसतो. वालधुनी पाहून आलेल्या माणसाला तेवढेही पुष्कळ वाटते. पावसाळ्यात मात्र हीच नदी पात्र सोडते; २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले होते.

बदलापूरची आणखी एक ओळख म्हणजे जांभूळ. टपोरे, गरयुक्त, लहान बीचे हे जांभूळ इतके प्रसिद्ध की त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्याला जांभळाची ओळख करून द्यायला नको. आपण राहतो तेच जंबूद्वीप. षड्लेश्येचे चित्र प्रत्येक पाठशाळेच्या भिंतीवर असते: भुकेले सहा प्रवासी जंबूवृक्षाखाली येतात, एक मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा खोड, तिसरा मोठी फांदी, चौथा घोस, पाचवा पिकली फळे, आणि सहावा म्हणतो की खाली पडलेली वेचली तरी पोट भरेल. बदलापुरात ही कथा चित्रातली राहत नाही. शहर झपाट्याने वाढते आहे, इमारतींसाठी जांभळाच्या जुन्या बागा जात आहेत, आणि तेथे घर घेणाऱ्यांत, जमिनीत पैसे गुंतविणाऱ्यांत आपली नावे आहेत. मुळापासून तोडू म्हणणारा प्रवासी काळा रंगवतात. चित्रकाराने त्याच्या हाती कुऱ्हाड दिली आहे, आता नकाशा द्यावा लागेल. ताजी जांभळे खायची तर मात्र ज्येष्ठात यावे लागते, थंडीत नव्हे.

बदलापूर पूर्वेहून आठ-दहा किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी कोंडेश्वर आहे. येथे बसचा भरवसा नाही. रिक्षा ठरवावी आणि परतीचीही तेव्हाच ठरवावी. वाटेत भोज धरणाचे पाणी लागते. कोंडेश्वराला शंकराचे स्थान आहे, शेजारी खडकांतून ओढा उतरतो आणि खाली डोह करतो. दगड तोच, अंबरनाथच्या भिंतीचा. येथे कोरणारा कोणी नाही, पाण्याने त्याला गोल, गुळगुळीत, पायऱ्यापायऱ्यांचा केला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांनी बनलेला हा पाषाण सकाळी कारागिराच्या छिन्नीखाली आणि दुपारी ओढ्याखाली, असा एकाच दिवशी दोन रूपांत पाहायला मिळणे, हेच या बसप्रवासाचे खरे सुख आहे. मार्गशीर्षात धबधब्याची धार बारीक झालेली असते. डोहाचा तळ दिसतो. लहान मासे फिरताना दिसतात. मुलांना ते दाखवावेत.

पावसाळ्यात कोंडेश्वराला जाऊ नये, हे आम्ही पुन्हा लिहितो. डोंगरावर पडलेला पाऊस खाली दिसत नाही आणि लोंढा क्षणात येतो. शेवाळलेल्या खडकावरून पाय सुटला की डोह खोल आहे. या डोहाने अनेक तरुण घेतले आहेत. प्रशासन दर पावसाळ्यात मनाई आदेश काढते आणि दर पावसाळ्यात पोरे मागच्या वाटेने आत शिरतात. आपल्या घरातील मुलगा श्रावणातल्या रविवारी ‘मित्रांबरोबर बदलापूरला जातो’ म्हणाला, तर कोठे, हे विचारून घ्यावे.

हाती थोडा वेळ असेल तर बदलापूरहून मुरबाडच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्याने बारवी धरणाकडे जावे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७२ सालचे, भोवती दाट झाडी. उद्योगांबरोबरच आसपासच्या शहरांची तहानही हेच भागवते. सकाळी पुलावरून पाहिलेल्या उल्हासनगरच्या घरांतील नळाला जे पाणी येते, त्यात बारवीचे आहे. धरणाच्या भिंतीवर जाण्यास बंदी असते, रस्त्यावरूनच पाहावे.

चौविहार करणाऱ्यांनी परतीची वेळ सूर्यास्ताशी जुळवावी. थंडीत लवकर अंधारून येते. बदलापूर स्थानकाजवळ साडेचार-पाचला आलात, तर पिशवीतील उरलेले खाऊन, पाणी पिऊन पच्चक्खाण घेण्यास वेळ मिळतो. बसच्या वेळा बदलत असतात, त्या आगारात किंवा वाहकाकडे विचारणे हाच खात्रीचा मार्ग. दोन दिवस मोकळे असतील तर दुसऱ्या दिवशी कल्याणहून माळशेज घाटाने अहमदनगरकडे (आता अहिल्यानगर) जाणारी एस. टी. धरावी आणि मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाच्या परिसरात नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरावे. कल्याण बंदराचा माल जुन्नर-पैठणला याच घाटाने चढत असे. माथ्यावर सातवाहनांच्या काळातील लेणे आहे, त्यात राणी नागनिकेचा लेख आहे, आणि लेण्याबाहेर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. चढ दोन-अडीच तासांचा आहे, म्हणून पायथ्याला सकाळी लवकर पोहोचावे.